दाराचा पडदा, खिडकीचा पडदा

नव्या घराची किल्ली हातात पडली की आपल्याकडे पहिल्या महिन्यात तीन गोष्टी हमखास घडतात. दूध उतू घालवलं जातं, सत्यनारायणाची तारीख ठरते आणि पडद्यांवरून वाद सुरू होतो. तिला भरजरी, जमिनीपर्यंत लोळणारे हवे असतात. त्याला 'सेल'मध्ये मिळतील ते चालतात. मुलांना तर काहीच नको असतं, नुसतं पांढरं ब्लाइंड पुरे. भारतातून आलेल्या आई सुचवतात, "माझ्या ट्रंकेत दोन जुन्या साड्या आहेत, त्यांचेच शिवू या की!" आणि दुकानात जावं तर तिथे या सगळ्याला म्हणतात 'विंडो ट्रीटमेंट'. खिडकीला असा कोणता आजार झालाय की तिला ट्रीटमेंट द्यावी, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात एकदा तरी येऊन गेला असेल.

वाद किरकोळ वाटतो खरा. पण वाचकहो, त्याच्या मुळाशी गेलं तर एक गंमत हाती लागते. आपल्या मराठी घरात पडदा मुळात खिडकीला नव्हताच. तो दाराला होता. खिडकीला पडदा लावायला आपण शिकलो ते फार अलीकडे, आणि ज्या कापडाने अमेरिकेच्या खिडक्या सजल्या त्यातलं बरंचसं कापड एके काळी आपल्याच देशातून आलं होतं.

आधी शब्दाकडे पाहू. 'पडदा' हा फारसीतून आलेला शब्द, पण मराठीत तो असा रुळला की त्याची भावंडंही इथेच जन्मली. घरात दोन खोल्यांमध्ये जी पातळ भिंत घालतात तिला आपण 'पडदी' म्हणतो. मनमोकळं बोलायचं तर 'आडपडदा' ठेवायचा नाही. एखादं प्रकरण मिटवायचं तर त्यावर 'पडदा टाकायचा'. कुणी सूत्रं हलवतो तो 'पडद्याआडून'. या सगळ्या वाक्प्रचारांत पडदा माणसामाणसांत आहे, घरात आणि ओटीवर आहे, नाटकात आणि प्रेक्षकांत आहे. ऊन, रस्ता, शेजाऱ्याची नजर यांचा कुठे पत्ताच नाही. भाषा असल्या गोष्टी उगाच विसरत नाही.

आणि कारणही सरळ आहे. जुन्या वाड्याला उजेड मिळायचा तो मधल्या चौकातून. रस्त्याकडच्या भिंती हातभर जाड, खिडक्या लहान, त्यांना लाकडी झडपा आणि गज. ऊन नको असेल तर झडप लोटायची, वारा हवा असेल तर उघडायची. तावदानच नाही, तर त्यावर पडदा कशाला? गोव्याच्या जुन्या घरांत तावदानं होती, पण ती काचेची नव्हती. चपट्या, दुधी शिंपल्यांचे तुकडे लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत बसवलेले असत. त्यातून उजेड आत येई, तोही गाळून घेतल्यासारखा मऊ, आणि बाहेरच्याला आतलं काही दिसत नसे. पडद्याचं आणि काचेचं काम एकाच शिंपल्यात भागलं. आजही पणजीच्या फोंतेन्हासमधून किंवा दक्षिण गोव्यातल्या एखाद्या जुन्या घरासमोरून जाताना अशी खिडकी दिसली तर थांबून जरूर पाहा. अमेरिकन दुकानात ज्याला 'लाइट फिल्टरिंग' म्हणून जास्त पैसे घेतात, ते हेच.

उन्हाळ्यासाठी आपल्याकडे वेगळा बंदोबस्त होता. पडवीला बांबूच्या कामट्यांची चिक सोडायची, आणि नागपूर-अमरावतीकडे वाळ्याचे पडदे. वाळ्याच्या मुळांचा जाड पडदा दारा-खिडकीत टांगायचा, त्यावर पाणी मारायचं, की बाहेरची कोरडी झळ आत येईतो गार आणि सुगंधी होते. साहेबालाही ही युक्ती इतकी आवडली की १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात चिक, पडदा आणि तट्टी या तिन्ही शब्दांना मानाची जागा मिळाली. (हीच युक्ती अ‍ॅरिझोनात चालेल, न्यू जर्सीत नाही. हवा कोरडी लागते. एडिसनच्या जुलैमध्ये वाळ्याचा पडदा लावलात तर घराला फक्त बुरशी येईल.)

दाराच्या पडद्याचं खरं राज्य होतं ते मुंबईच्या चाळीत. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात सहा-आठ माणसं. दार बंद केलं तर जीव गुदमरेल, उघडं ठेवलं तर गॅलरीतून जाणाऱ्या प्रत्येकाला आतली पोळी दिसेल. मग दार दिवसभर सताड उघडं आणि त्यावर एक पडदा. कधी जुन्या पातळाचा, कधी मांजरपाटाला फुलं भरून केलेला, कधी हौसेने ओवलेल्या नळ्या-मण्यांचा, जो कुणी आलं की सळसळून वर्दी देई. त्या पडद्याचे नियम सगळ्यांना ठाऊक होते. अर्धा सारलेला असेल तर "या", पूर्ण ओढलेला असेल तर बाहेरून हाक मारायची. तो वाऱ्याला अडवत नसे, आवाजाला अडवत नसे, फक्त नजरेला विनंती करी. एवढ्याशा कापडावर इतका विश्वास टाकलेली वस्ती मला दुसरी माहीत नाही.

खिडकीला पडदा आला तो काचेबरोबर. सरकारी बंगले, मग क्वार्टर्स, मग सहकारी सोसायट्यांचे ब्लॉक. १९६०-७० च्या दशकातल्या पुण्या-मुंबईच्या ब्लॉकमध्ये वाढलेल्यांना तो पडदा आठवत असेल: खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागापुरता, प्लॅस्टिकचं आवरण असलेली स्प्रिंग त्यात ओवलेली, दोन टोकांना दोन खिळे. वरच्या अर्ध्यातून उजेड आणि आकाश, खालच्या अर्ध्यात केसमेंटच्या कापडावर मोठाली फुलं. पुढे बरकत आली तसं पेल्मेट आलं आणि पडदे पूर्ण खिडकीभर झाले. दिवाळीच्या आधी ते धुवायचे, परत लावताना स्प्रिंग हमखास सुटून कुणाच्या तरी कपाळावर बसायची.

आता जरा सातासमुद्रापलीकडे येऊ, कारण तिकडे काही वेगळंच चाललं होतं.

अमेरिकेतल्या पहिल्या युरोपीय वसाहतींतही खिडकीला पडदा ही चैनच होती. पडदा होता तो पलंगाला. कडाक्याच्या थंडीत, एकाच शेगडीच्या घरात, पलंगाच्या चारी बाजूंनी जाड कापड ओढून आत झोपायचं. आपली मच्छरदाणी डासांसाठी, त्यांची थंडीसाठी, एवढाच फरक. घरात सगळ्यात किमती वस्तू म्हणजे पुष्कळदा हा पलंग आणि त्याचं कापड. आणि ते कापड सर्वांत सुंदर कुठलं? हिंदुस्थानचं.

इंग्रजीत ज्याला 'चिंट्झ' म्हणतात ते आपलं छीट. आजीच्या तोंडचं 'चिटाचा परकर' आठवा. मोल्सवर्थच्या मराठी कोशातही 'चीट' आहे. कोरोमंडल किनाऱ्यावर मच्छलीपट्टणच्या आसपास कलमाने आणि ठशांनी ही कापडं रंगवली जात. आपल्याकडून जवळ म्हणजे बऱ्हाणपूर, जळगावच्या सीमेपलीकडे. सतराव्या शतकात आलेल्या फ्रेंच प्रवाशाने, ताव्हेर्निएने, तिथल्या छिटांबद्दल लिहून ठेवलं आहे. या कापडाचं रहस्य रंगात नव्हतं, रंग पकडण्यात होतं. आधी तुरटीसारख्या क्षारांनी कापडावर नक्षी काढायची, मग लाल रंगाच्या मुळांच्या काढ्यात ते उकळायचं. क्षार असेल तिथे रंग कायमचा बसतो, नसेल तिथून धुऊन जातो. युरोपातल्या रंगाऱ्यांना हे जमत नव्हतं. त्यांचे रंग पहिल्या धुण्यात वाहून जात. आपली फुलं मात्र प्रत्येक धुण्यानंतर अधिकच खुलत.

परिणाम असा झाला की लंडन-पॅरिसच्या बायका छिटांवर लुब्ध झाल्या आणि तिथले विणकर रस्त्यावर आले. 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणाऱ्या डॅनिएल डीफोने १७०८ साली त्रागा करून लिहिलं की हे हिंदुस्थानी कापड आमच्या कपाटांत, शयनगृहांत, पडद्यांत आणि उशा-गाद्यांत शिरलं आहे. फ्रान्सने १६८६ मध्ये छिटांवर बंदी घातली ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०० सालच्या कायद्याने आयात रोखली, आणि १७२० च्या कायद्याने तर छापील सुती कापड अंगावर घालणं किंवा घरसामानात वापरणंच गुन्हा ठरवला. थोडक्यात, खिडकीला छिटाचा पडदा लावला तर दंड! हा कायदा १७७४ पर्यंत होता. १७७५ मध्ये प्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिकला कलकत्त्याच्या चाहत्यांनी पलंगासाठी मच्छलीपट्टणच्या छिटांचे पडदे भेट पाठवले, ते जकातवाल्यांनी जप्त केले आणि बिचाऱ्याला ते सोडवण्यासाठी अर्जविनंत्या कराव्या लागल्या. ते पडदे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

बंदीत एक फट होती आणि तीच अमेरिकेच्या पथ्यावर पडली. हिंदुस्थानातून लंडनला आलेलं कापड इंग्लंडात विकता येत नसे, पण पुढे दुसरीकडे पाठवता येत असे. म्हणजे जे कापड लंडनच्या सरदारणीला चोरून घ्यावं लागे, ते बोस्टन-फिलाडेल्फियाच्या दुकानात राजरोस मिळे. न्यूयॉर्ककरांसाठी तर याहून जुना पुरावा ब्रुकलिनमध्येच आहे. फ्लॅटबुशमध्ये मार्ग्रिता व्हॅन व्हॅरिक नावाची डच बाई दुकान चालवत होती. ती आधी मलाक्क्याला राहून आलेली. तिच्या मृत्यूनंतर, १६९६ च्या सुमारास, तिच्या सामानाची जी यादी झाली तिच्यात पूर्वेकडच्या कापडाची रेलचेल आहे. मॅनहॅटनमधल्या बार्ड ग्रॅज्युएट सेंटरने २००९ मध्ये या एका यादीवर अख्खं प्रदर्शन मांडलं होतं. सुमारे सव्वातीनशे वर्षांपूर्वी फ्लॅटबुशमध्ये छीट! आणि आपण समजतो की 'इंडिया स्टोअर' आपल्यानंतर आलं.

स्वातंत्र्य मिळाल्यावर अमेरिकनांनी मधला दलाल काढून टाकला. डिसेंबर १७८४ मध्ये 'युनायटेड स्टेट्स' नावाचं फिलाडेल्फियाचं जहाज पाँडिचेरीला लागलं आणि मग सेलमसारख्या लहानशा बंदरातली जहाजं मद्रास, कलकत्ता, मुंबई अशा फेऱ्या मारू लागली. बोस्टनजवळच्या सेलमला पीबॉडी एसेक्स म्युझियम आहे. हॅलोविनच्या गर्दीत चेटकिणी पाहायला सगळे जातात, पण या संग्रहालयात आपल्या माणसाची ओळख आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. नसरवानजी माणेकजी वाडिया हे मुंबईचे पारशी व्यापारी सेलमच्या कप्तानांचे मुंबईतले विश्वासू. १८०३ साली त्यांनी आपला पोशाख सेलमकरांना भेट पाठवला. नुकतंच स्वतंत्र झालेलं राष्ट्र आणि मुंबई यांची ही ओळख कापडातूनच झाली.

ती फार टिकली नाही. न्यू इंग्लंडमध्ये स्वतःच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांना स्वस्त हिंदुस्थानी कापड नकोसं झालं. १८१६ च्या जकात कायद्यात एक खुबी होती: वाराला २५ सेंटांपेक्षा स्वस्त असलेलं कुठलंही सुती कापड २५ सेंटांचंच आहे असं धरून त्यावर २५ टक्के जकात. म्हणजे नऊ सेंटांच्या साध्या कापडावर सव्वासहा सेंट कर! महाग इंग्रजी कापडाला फारसा धक्का नाही, आपल्या जाडाभरड्या मालाचा मात्र बाजार उठला. तिकडे लँकेशायरच्या रूळ-छपाईने छिटाची नक्कल मैलोगणती काढायला सुरुवात केली. इतकी की ज्या कापडासाठी कायदे झाले, जप्त्या झाल्या, त्याच्या नावावरून इंग्रजीत 'चिंट्झी' हे विशेषण आलं, आणि त्याचा अर्थ झाला हलक्या प्रतीचं, भडक! शब्दांच्या नशिबीही काय काय असतं.

पुढे १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतला कापूस अडकला आणि खानदेश-वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईतली तेजी-मंदीची ती कहाणी आपण शाळेत वाचली आहे, तिच्यात शिरत नाही. एवढंच लक्षात ठेवू, की तोवर आपण कापड पाठवणारे उरलो नव्हतो, कापूस पाठवणारे झालो होतो.

जून १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरून न्यू जर्सीतल्या रोझेलला कार्पेंटर कुटुंबाकडे राहायला गेल्या, तेव्हा अमेरिकन दिवाणखान्यात पडद्यांचा कळस झाला होता. काचेला लागून नाजूक लेस, त्यावर मखमलीचे किंवा लोकरीचे जड पडदे, वर झालर, बाजूला गोंडे. घरातल्या गृहिणीची प्रतिष्ठा खिडकीत टांगलेली असे. तीन वर्षांनी आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला आलेल्या पंडिता रमाबाईंनी पुढे अमेरिकेवर जे पुस्तक लिहिलं (१८८९), त्यात इथल्या गृहस्थितीवर स्वतंत्र प्रकरण आहे. परदेशात आलेल्या मराठी बाईची नजर प्रथम घराकडे वळते, हे तेव्हापासूनचं.

या जडपणाला विरोधही इथल्याच बायकांनी केला. हॅरिएट बीचर स्टो आणि त्यांची बहीण कॅथरिन यांनी १८६९ च्या आपल्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकात साध्या पांढऱ्या मलमलीच्या पडद्यांची शिफारस केली होती. एडिथ व्हॉर्टनने १८९७ मध्ये ऑग्डन कॉडमनबरोबर लिहिलेल्या पुस्तकात तर स्पष्ट म्हटलं, की घर जितकं चांगलं बांधलेलं तितकी पडद्यांची गरज कमी. आज आपली मुलं "काहीच नको" म्हणतात तेव्हा ती नकळत एडिथ व्हॉर्टनच्या पक्षाची असतात. आईंना हे सांगून पाहा, उपयोग होणार नाही.

लेसच्या पडद्याची गोष्ट मात्र आपल्याला जवळची आहे. नॉटिंगहॅमच्या यंत्रांवर १८४६ नंतर लेसचे पडदे विणले जाऊ लागले आणि एके काळी राजघराण्यांपुरती असलेली लेस कामगाराच्या आवाक्यात आली. पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनला १८९० च्या आसपास अशाच पडद्यांचा प्रचंड कारखाना उभा राहिला. हिलरी क्लिंटन यांचे आजोबा तिथे कामगार होते, वडिलांनीही तिथे काम केलं. दुष्काळातून पळून आलेल्या आयरिश लोकांची तेव्हा इथे फार हेटाळणी होई. त्यांच्यातलं एखादं घर जरा सावरलं की ते पहिली खरेदी करी खिडकीच्या लेसची. रस्त्यावरून जाणाऱ्या यँकीने पाहावं की आम्ही झोपडीतले नाही, आम्हीही व्यवस्थित आहोत. त्यावरून इंग्रजीत 'लेस-कर्टन आयरिश' हा शब्द पडला. त्यात कौतुक थोडं आणि टवाळी जास्त. स्क्रँटनचा तो कारखाना २००२ मध्ये बंद पडला, तोवर आयरिश आडनावाला हसणारं कुणी उरलं नव्हतं.

आपण आलो ते १९६५ च्या कायद्यानंतर, डिग्र्या घेऊन आणि सूटकेस घेऊन. झोपडीतून आलो नव्हतो. तरी पडदा आपल्याही वाट्याला आलाच. १९८७ साली जर्सी सिटीत भारतीयांवर हल्ले सुरू झाले. कपाळावरच्या टिकलीवरून नाव घेतलेल्या एका टोळीचं धमकीचं पत्र स्थानिक दैनिकात छापून आलं. भारतीय आडनावं फोनबुकमधून शोधून काढू, असा त्याचा सूर होता. त्याच सप्टेंबरात होबोकनमध्ये नवरोज मोदी या तिशीतल्या तरुणाला भर रस्त्यात इतकं मारलं की तो वाचला नाही. त्या काळी हडसन काउंटीत राहिलेल्यांशी बोललं तर ते सांगतात, की दिवा लावायच्या आधी पडदे ओढायची सवय त्या वर्षी लागली ती अजून सुटलेली नाही. देवाजवळचं निरांजन बाहेरून दिसू नये, फोडणीचा वास जाऊ नये म्हणून खिडकी बंद, पाटी काढलेली. चाळीतला पडदा नजरेला विनंती करत होता. हा पडदा घाबरलेला होता. आज त्याच जर्सी सिटीत न्यूअर्क अव्हेन्यूवर नवरात्रात रस्ता बंद करून गरबा होतो आणि ऑक्टोबरात आपल्या खिडक्यांत आकाशकंदील झळकतात. ज्यांना हे सहज वाटतं त्यांना, विशेषतः इथे जन्मलेल्या मुलांना, १९८७ चे ते ओढलेले पडदे सांगायला हवेत.

एवढा इतिहास ऐकवल्यावर संपादक म्हणतील, दुकानात काय घ्यायचं ते सांगा! तर तेही थोडं सांगते.

अमेरिकन खिडकी म्हणजे मुळात घराच्या भिंतीतलं थंडीचं भोक. इथल्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने घर तापवायला लागणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे ३० टक्के खिडक्यांतून निघून जाते. उलट उन्हाळ्यात साध्या दुहेरी काचेवर पडलेल्या उन्हातलं ७६ टक्के आत येऊन घर तापवतं. नेहमीचे कापडी पडदे रात्री ओढले तर उष्णतेची गळती फार तर १० टक्के कमी होते. मधमाशीच्या पोळ्यासारख्या कप्प्यांच्या ज्या शेड मिळतात, त्या चौकटीत घट्ट बसवल्या तर ४० टक्क्यांपर्यंत किंवा अधिक. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईच्या धसक्यातून जन्मलेली ही कल्पना १९८५ मध्ये बाजारात आली. तेव्हा उत्तरेकडच्या बेडरूममध्ये खाली कप्प्यांची शेड आणि तिच्यावर हौसेचा पडदा, ही जोडी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. सौंदर्याच्या भांडणात दोघांचंही चालतं.

मुलंबाळं असतील, किंवा नातवंडं येणार असतील, तर जुन्या ब्लाइंडच्या लोंबत्या दोऱ्या आधी काढा. या दोऱ्यांत लहान मुलांच्या गळ्याला फास बसून इथे मृत्यू झाले आहेत. म्हणूनच तयार मिळणारी ब्लाइंड डिसेंबर २०१८ पासून आणि मापाने बनवलेली जून २०२४ पासून उघड्या दोरीशिवायच बनवायची असा दंडक झाला. पण घरात आधीच्या मालकाने लावून ठेवलेली तशीच असतात. १९९६ च्या आधीची व्हिनाइलची बारीक पट्ट्यांची ब्लाइंड असतील तर सरळ फेकून द्या. परदेशातून आलेल्या अशा ब्लाइंडमध्ये शिसं सापडलं होतं आणि उन्हाने प्लॅस्टिक खराब झालं की त्याची पूड पट्ट्यांवर साचते.

भारतातून शिवून आणणार असाल तर माप इथलं घेऊन जा. आपल्या शिंप्याच्या डोक्यात चार-पाच फुटी खिडकी असते. इथे तयार पडदे ६३, ८४, ९५ आणि १०८ इंचांचे, आणि दांडी चौकटीच्या बरीच वर लावायची पद्धत. चुण्या नीट पडायला कापड खिडकीच्या रुंदीच्या निदान दुप्पट लागतं. आणि अस्तर पांढरं किंवा मोतिया ठेवा. पुष्कळशा टाउनहाउस असोसिएशनच्या नियमांत रस्त्याकडून दिसणारी बाजू तशीच हवी असते. म्हणजे पाहा, पडद्याची एक बाजू तुमची आणि दुसरी शेजाऱ्याची, हे इथे लेखी आहे!

राहिल्या आईंच्या ट्रंकेतल्या साड्या. सहावारीची लांबी साधारण २१६ इंच. ८४ इंची पडद्याला वर-खाली दुमडीसाठी दहा इंच धरले तर दोन पडदे निघून तीन वितींहून थोडं अधिक कापड उरतं. नऊवारीचे ९५ इंची तीन होतात. पन्हा ४५ इंचांच्या आसपास, म्हणजे दोन पडदे पावणेचार फुटी खिडकीला चुण्यांसकट पुरतात. काठ आपोआप उभे, दोन्ही कडांना येतात आणि ते फार देखणं दिसतं. पदर एकाच पडद्याला येतो, त्याची काळजी करू नका. सुती साडी असेल, इरकल असेल, तर खुशाल करा. पण रेशमी असेल तर दक्षिण-पश्चिमेच्या खिडकीला मुळीच नको. ऊन रेशमाला खाऊन टाकतं. पाच-सात उन्हाळ्यांत चुणीच्या कडेवर ते कागदासारखं फाटू लागतं, आणि मग त्या लग्नातल्या शालूला रफू नाही. संग्रहालयांत अशी कापडं ५० लक्स, म्हणजे मिणमिणत्या उजेडात ठेवतात ते उगाच नाही. आईंना हे आधी सांगा आणि निर्णय त्यांनाच घेऊ द्या. काही जणी म्हणतात, फाटली तर फाटली, पेटीत कुजण्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेली बरी. त्यालाही माझ्याकडे उत्तर नाही.

रेशमाला एक जागा मात्र सुरक्षित आहे. इथल्या घरांना आतून दारं कमीच. स्वयंपाकघर, जेवणाची जागा, बैठक सगळं एकात एक. पण बऱ्याच घरांत चादरी-टॉवेलांसाठी असलेल्या लहानशा क्लॉझेटमध्ये आपण देवघर मांडतो. त्याचं मूळचं घडीचं दार काढून तिथे आडवी दांडी बसवायची आणि पैठणीचा किंवा खणाचा पडदा सोडायचा. तिथे ऊन पोचत नाही. फक्त पडदा समईपासून हातभर लांब राहील अशी बाजूला कडी लावा, आणि दिवा लागलेला असताना तो नेहमी बाजूला सारून ठेवा.